कायम

दिवाळी उरकली आणि बाबा उशिरा येऊ लागले.
रात्री अकराला लायन गेटातून सुटायचे,
डोळे कांदा चिरल्यासारखे, भुवयांत राख.
आई विचारायची, एवढं काय करताय तिथं?
आकडे, म्हणायचे.
आईला वाटलं मटका.
लोखंडाचे गं. वाढ आता.

मग काचांना तपकिरी कागद लागले,
मोटारींच्या दिव्यांना अर्धी काळी पापणी.
भोंगा झाला की वॉर्डन परेरा खालून ओरडायचा,
तिसरा माळा, बिडी विझवा!
ती बाबांचीच असायची.
मी नऊ वर्षांची, कानात कापूस.
दिवे नसले की समुद्राचा वास
माझगावात थेट जिन्यापर्यंत चढतो,
हे मला त्या डिसेंबरात कळलं.

आणि एका सकाळी रेडिओ:
रात्री आपल्या बोटी कराचीवर जाऊन आल्या,
कुणाला चाहूल न लागता.
बंदर पेटलंय. तेलाच्या टाक्या पेटल्यात.
गॅलरीभर आरडाओरडा, गुप्त्यांनी पेढे आणवले,
परेराने शिट्टी फुंकली, भर दिवसा, उगाच.
एवढ्याशा बोटी, गुप्ते म्हणाले,
एवढं पाणी कापून गेल्या कशा?
त्यांच्या पोटात तेल ते केवढं!

बाबांच्या हातात कप होता.
आकड्याला दोरखंड लागतो.
दोरखंडाला पुढे एक मोठं जहाज.
त्यांना ते तेव्हा कळलं,
चहा प्यायचा राहिला.

फळीवरच्या डब्यात एक हातोडी होती,
दांड्यावर चाकूने कोरलेला उ.
उस्मान बुरोंडकर, दापोलीकडचे,
डॉकमध्ये बाबांचे उस्ताद.
पत्र्यावर टिचकी मारायची,
कान लावायचा, पोरा, हात नंतर.
गंज आतून बोलतो.
आम्हाला जेवणावरून उठवून हे ऐकवायचे बाबा,
त्यांच्याच सुरात, नाकातून.
सत्तेचाळीसच्या शेवटी ते गेले, मेहुणा तिकडच्या गोदीत होता म्हणून.
हातोडी इथंच ठेव, म्हणाले, मी येतो परत.

तिकडून कार्डं यायची.
पत्ता केमारी, अक्षर बाळबोध, शाई फिकी.
हापूस मिळत नाही. तिसरी मुलगी झाली.
पासष्टच्या लढाईआधीचं शेवटचं कार्ड:
मधला पोरगा तेलाच्या टाक्यांवर लागला. कायम झाला.
बाबांनी त्या दिवशी आम्हाला जिलबी आणली होती.

पेढा त्यांनी खाल्ला. खाल्ला, खोटं कशाला सांगू.
शेजारी बघत होते.
मग मोरीत जाऊन बराच वेळ हात धुतले,
डॉकमधून आल्यावर धुतात तसे, कोपरापर्यंत,
आणि दुपारच्या पाळीला गेले.
तिकडची आग कितीतरी दिवस विझत नव्हती म्हणे.
बाबा पेपर उलटा घडी करून बसायचे,
पहिलं पान मांडीवर.
एकदा आई म्हणाली,
तुम्ही नसते केले तर दुसऱ्यानं केले असते.
हो, म्हणाले. पण इतके चांगले नसते झाले.
त्यात तक्रार होती की अभिमान,
मी पन्नास वर्षं विचार करते आहे.

टपाल पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांनी लिहिलं.
एक अख्खा रविवार लागला.
माझी मॅट्रिक, आईचं पित्त, बोटबंदराला पडलेलं कुंपण.
मधल्याबद्दल विचारलं नाही.

उत्तर आलं, तीन महिन्यांनी.
तेच अक्षर, थोडं कापरं.
मोतीबिंदू, नातवाची सुंता, थोरल्याचं दुबई,
धाकटीचा तलाख, पाण्याची टंचाई.
दोन्ही बाजू भरून, तिकिटाच्या कडेपर्यंत.
मधल्याबद्दल काही नव्हतं.
खाली फक्त: हातोडी आहे ना?

आहे.
आता माझ्याकडे आहे.
कधीतरी खिडकीच्या गजावर हळूच टिचकी मारते
आणि कान लावते.
मला काही ऐकू येत नाही.
मुलींना ते शिकवत नसत.